लाकडी शिपायांचे घराणे

(द्वितीय वर्ष, कला)

भातुकलीच्या खेळात बाहुलीचे लग्न ठरले की पहिला प्रश्न निघतो तो घराण्याचा. मुलगा कुठला, त्याचे वडील काय करतात, शेती किती, किती बहिणी उजवायच्या राहिल्या आहेत, हे ठरल्यावाचून वरात निघत नाही. चिंध्यांच्या बाहुल्याला एकदा आजोळ आणि भाऊबंद चिकटले की तो जिवंत वाटू लागतो. मग तो रुसतो, हुंडा मागतो, मानपानावरून अडून बसतो. खेळणाऱ्या मुलांना हे कुणी शिकवत नाही. आजूबाजूला जे दिसते तेच ती खेळात आणतात.

आज मोठी माणसेही असा खेळ खेळतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आला. त्याला फासे, कागद, पेन्सिल आणि चार मित्र एवढे सामान पुरते. प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस रचायचा आणि मग तासन्‌तास त्याच्या वतीने बोलायचे, लढायचे, संकटातून वाट काढायची. पुण्यात शिकणाऱ्या, माझ्या एका मैत्रिणीच्या भावाने सुट्टीत आम्हांला हा खेळ दाखवला. बळ, चपळाई, बुद्धी यांचे आकडे मांडून झाल्यावर त्याने विचारले की तुमचा माणूस कुठल्या घरातला? सरदाराच्या, सैनिकाच्या, की रस्त्यावर वाढलेला? आम्ही सगळ्याजणींनी एकमुखाने सरदाराचे घर मागितले. त्या क्षणी मला शार्लट ब्राँटे आठवली.

शार्लट ब्राँटे 'जेन आयर' या कादंबरीची लेखिका म्हणून जगाला ठाऊक आहे. परंतु ही कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वी वीस वर्षे तिने आपल्या भावंडांसह जो खेळ मांडला होता, त्याची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. काल्पनिक माणसाला घराणे देणे, ते मोडणे, पुन्हा जुळवणे आणि शेवटी ते काढून घेणे, हे करता करताच ही मुलगी लेखिका झाली असे मला वाटते. प्रस्तुत लेखात तिच्या चरित्राकडे याच वाटेने जाण्याचा माझा प्रयत्न आहे.

घराण्याची गोष्ट तिच्या वडिलांपासून सुरू होते. पॅट्रिक यांचा जन्म १७ मार्च १७७७ रोजी आयर्लंडमधील काउंटी डाउन येथे एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते थोरले. आडनाव ब्रंटी. लोहाराकडे उमेदवारी, मग विणकाम, मग खेड्यातील शाळेत मास्तरकी असे करीत करीत १८०२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. तेथे त्यांचे नाव 'सायझर' म्हणून नोंदवले गेले. सायझर म्हणजे ऐपत नसल्यामुळे खर्चात सवलत मिळालेला विद्यार्थी. प्रवेशाच्या वहीत प्रथम त्यांचे आडनाव ब्रँटी असे पडले. ते दुरुस्त झाले तेव्हा मात्र ब्रंटी न होता ब्राँटे झाले. ग्रीक भाषेत ब्राँटे म्हणजे मेघगर्जना. शिवाय इंग्लंडचा लाडका आरमारी सेनापती नेल्सन याला १७९९ मध्ये सिसिलीतील ब्राँटे या गावाचा ड्यूक ही पदवी मिळालेली होती. वहीतल्या एका शब्दाने शेतकऱ्याच्या मुलाला नवे कुळ मिळाले.

ही हकीकत वाचताना मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपायला जाते. कुठल्याही अर्जावर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आला की माझे पेन क्षणभर थांबते. मी तेथे हमाली असेच लिहिते. परंतु ते थांबणे मला ओळखीचे आहे, म्हणून पॅट्रिक ब्राँटे यांना हसणे मला जमत नाही.

पदवी घेऊन पॅट्रिक धर्मोपदेशक झाले. १८१२ च्या डिसेंबरात कॉर्नवॉलच्या मारिया ब्रॅनवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना सहा मुले झाली. शार्लट तिसरी, तिचा जन्म २१ एप्रिल १८१६ रोजी यॉर्कशरमधील थॉर्नटन या गावी झाला. तिच्यानंतर ब्रॅनवेल हा एकुलता एक मुलगा, मग एमिली आणि सर्वांत धाकटी अ‍ॅन. १८२० साली हे कुटुंब हॉवर्थ या डोंगराळ गावी राहावयास गेले. धर्मोपदेशकाचे दगडी घर, पुढे दफनभूमी आणि मागे मैलोगणती पसरलेले, वाऱ्याने झोडपलेले माळरान. अवघ्या दीड वर्षात, सप्टेंबर १८२१ मध्ये, मुलांची आई वारली. मावशी एलिझाबेथ ब्रॅनवेल यांनी घर सांभाळले.

१८२४ मध्ये चार मोठ्या मुलींना कोवन ब्रिज येथील शाळेत ठेवण्यात आले. ती गरीब धर्मोपदेशकांच्या मुलींसाठी काढलेली निवासी शाळा होती. थंडी, निकृष्ट अन्न आणि कडक शिस्त यांनी मुली खचल्या. थोरली मारिया ६ मे १८२५ रोजी आणि दुसरी एलिझाबेथ १५ जून रोजी क्षयाने गेली. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा. शार्लट आणि एमिली यांना वडिलांनी घरी आणले. नऊ वर्षांची शार्लट एकाएकी घरातले थोरले अपत्य झाली.

पुढच्याच वर्षी, जून १८२६ मध्ये, वडील लीड्सहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपाई घेऊन आले. सकाळी चौघेही त्या पेटीभोवती जमली. शार्लटने झडप घालून एक उचलला आणि त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन असे नाव दिले. ब्रॅनवेलने त्याच्या शत्रूला, म्हणजे बोनापार्टला, निवडले. सात वर्षांच्या एमिलीचा शिपाई गंभीर चेहऱ्याचा होता, सहा वर्षांच्या अ‍ॅनचा तिच्यासारखाच चिमुकला. त्या सकाळपासून जो खेळ सुरू झाला तो शार्लटच्या बाबतीत तेरा वर्षे, आणि एमिलीच्या बाबतीत जवळजवळ मरेपर्यंत चालला.

डिसेंबर १८२७ मधील एका रात्री त्यांनी आणखी एक डाव मांडला. बाहेर वादळ, आत चुलीपाशी चौघे बसलेले, आणि काटकसरी म्हातारी मोलकरीण टॅबी मेणबत्ती लावू द्यायला तयार नाही. करायचे काय? प्रत्येकाने एकेक बेट घ्यावे आणि त्यावर आपापली माणसे वसवावीत असे ठरले. शार्लटने वाइट बेट घेतले आणि वेलिंग्टनबरोबर त्याच्या दोन मुलांनाही तेथे नेले. एमिलीने अ‍ॅरन बेट घेतले. त्यावर प्रख्यात कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट, त्यांचे जावई लॉकहार्ट आणि लहानगा नातू जॉनी यांना वसवले. नऊ वर्षांच्या मुलीने एका घराच्या तीन पिढ्या उचलून बेटावर नेल्या. एकटा माणूस कितीही थोर असला तरी त्याच्याने खेळ फार पुढे सरकत नाही. घर आले की गोष्ट आपोआप चालू लागते. हे या मुलांना उमगले होते.

हळूहळू शिपायांचे राज्य वाढले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांनी ग्लास टाउन नावाचे शहर वसवले. त्याचे नकाशे काढले, कायदे केले, मासिकही काढले. साखरेच्या पुड्याचा कागद आणि घरातील रद्दी कापून, शिवून ही मासिके तयार होत. आकार काडीपेटीएवढा, कारण वाचक लाकडी शिपाई. अक्षर छापल्यासारखे आणि इतके बारीक की मोठ्यांना वाचता येऊ नये. १८३० सालच्या अशाच एका अंकात चौदा वर्षांच्या शार्लटने वीस पानांत चार हजारांवर शब्द बसवले आहेत. या राज्यावर चौघेही जिन म्हणून देखरेख करीत, आणि लढाईत मेलेल्यांना पुन्हा उठवण्याची सत्ता त्यांच्याकडे होती. दोन बहिणी गमावलेल्या मुलांना हाच अधिकार घ्यावासा वाटला, यात नवल ते काय?

१८३४ च्या सुमारास शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी अँग्रिया नावाचे नवे राज्य निर्माण केले. येथून घराण्यांचा पसारा सुरू होतो. वेलिंग्टनचा थोरला मुलगा आर्थर हा झमोर्नाचा ड्यूक आणि अँग्रियाचा राजा. देखणा, पराक्रमी आणि बायकांच्या बाबतीत निर्दय. त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स हा साऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढणारा लेखक. शार्लट पुष्कळदा त्याच्याच नावाने लिही. ब्रॅनवेलचा आवडता पुरुष म्हणजे नॉर्थअँगरलँडचा अर्ल अलेक्झांडर पर्सी: बंडखोर, नास्तिक, जन्मताच आपले मुलगे मारून टाकण्याचा हुकूम देणारा बाप. ते मुलगे, एडवर्ड आणि विल्यम, गुपचूप वाचतात आणि दारिद्र्यात वाढून पुढे येतात. पर्सीची मुलगी मेरी ही झमोर्नाची राणी. म्हणजे दोन कट्टर वैरी परस्परांचे सासरे-जावई. पर्सीने बंड केले की जावई त्याला धडा शिकवण्यासाठी त्याच्या मुलीला टाकून देतो. भाटाच्या वहीतही इतकी गुंतागुंत सापडायची नाही.

१८३६ मध्ये शार्लट दूर रो हेड येथील शाळेत शिक्षिका होती. घरी ब्रॅनवेल अँग्रियाचे युद्ध पुढे रेटीत होता. त्याने राणी मेरीला खरोखरच मारले की काय, या काळजीने वर्गात बसलेल्या शार्लटला चैन पडेना. तिने ते वहीत लिहून ठेवले आहे. ब्रॅनवेलने मेरीला मारलेच होते. शार्लटने पुढच्या कथेत तिला जिवंत केले. दोन खेळाडूंमधील ही झटापट पाहिली म्हणजे तेव्हाच्या भावाबहिणींत आणि आजच्या फासे टाकणाऱ्या मुलांत फारसे अंतर उरत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शार्लटचा हा लाडका वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, त्याने आपली पहिली मोठी लढाई जिंकली ती आमच्या जालना जिल्ह्यातील असई या गावापाशी. समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य होते. दोन्ही बाजूंची हजारो माणसे त्या दिवशी पडली किंवा जायबंदी झाली. हॉवर्थच्या मुलांसाठी तो मखमली गोष्टींचा नायक होता. आमच्याकडे तो मराठी सत्ता खिळखिळी करणारा सेनापती. मुलांच्या खेळातही विजेत्यांचा हा डोळा दिसतो. ग्लास टाउन ज्या भूमीवर उभे राहिले ती अशांती लोकांची होती. खेळात वेलिंग्टन पराभूत अशांती राजाच्या पोरक्या मुलाला, क्वाशियाला, स्वतःच्या घरात वाढवतो, आणि तो मोठा झाल्यावर त्याच घराविरुद्ध शस्त्र उचलतो. मुलांनी त्याला कृतघ्न ठरवले. मला मात्र त्या पसाऱ्यात तोच सर्वांत खरा वाटला. ज्याचे घर बुडवले त्याला आपले घर दिल्याने फिटंफाट होत नाही, हे खेळ मांडणाऱ्यांना कळले नसले तरी त्यांच्या पात्राला कळले होते.

दरम्यान एमिली आणि अ‍ॅन यांनी वेगळी चूल मांडली होती. १८३१ मध्ये शार्लट शिकण्यासाठी रो हेडला गेल्यावर या दोघींनी उत्तर पॅसिफिक महासागरात गोंडाल नावाचे बेट कल्पिले. तेथे राण्यांचे राज्य, तुरुंग, बंडे आणि फितुरी यांना तोटा नव्हता. त्या कथांचे गद्य आज उरलेले नाही. कविता तेवढ्या राहिल्या. १८३४ मधील त्यांच्या एका टिपणात स्वयंपाकघरात सफरचंदे सोलणे आणि गोंडालच्या लोकांनी नवा प्रदेश शोधणे या दोन बातम्या शेजारी शेजारी नोंदवल्या आहेत. जून १८४५ मध्ये या दोघी यॉर्कच्या सहलीला निघाल्या. एमिली सत्तावीस वर्षांची होत आली होती आणि अ‍ॅन पंचवीस. तरीही सबंध प्रवासभर त्या गोंडालमधील राजपक्षीय पळपुट्यांच्या भूमिका वठवीत होत्या. आगगाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशांना या दोन शांत बायका कोण वाटल्या असतील?

शार्लटला मात्र या खेळाची भीती वाटू लागली होती. रो हेड येथे दिवसभर मुलींना व्याकरण शिकवायचे आणि संध्याकाळी डोळे मिटून अँग्रियात जायचे, असे तिचे दुहेरी आयुष्य चालले होते. कुणी हाक मारून तिला परत आणले की तिला मळमळून येई. १८३६ च्या डिसेंबरात तिने इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट साउदी यांना आपल्या कविता पाठवल्या. मार्च १८३७ मध्ये त्यांचे उत्तर आले. वाङ्मय हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये, असा त्याचा आशय होता. शार्लटने ते पत्र जपून ठेवले, नम्र उत्तर पाठवले आणि लिहिणे चालूच ठेवले. आमच्या गल्लीतही मुलीच्या रात्रीच्या दिव्याकडे पाहून वीजबिलाचा हिशेब करणारे पुष्कळ आहेत, म्हणून या नम्रतेतला चिवटपणा मला कळतो.

१८३९ च्या सुमारास तिने एक छोटे टिपण लिहून अँग्रियाचा निरोप घेतला. त्याच त्याच चेहऱ्यांना किती वेळा रंगवायचे? आता त्या तळपत्या देशातून बाहेर पडून थंड, करड्या हवेत यावे, असे तिला वाटले. पण जुनी माणसे सोडताना आपण घरातून परक्या मुलखात निघालो आहोत, जेथे एकही चेहरा ओळखीचा नाही, अशी तिची अवस्था झाली. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तिच्या अप्रसिद्ध बाललेखनाचे ढीग तिच्या छापील कादंबऱ्यांहून मोठे आहेत. एवढे सारे बाजूला ठेवायला केवढे धैर्य लागले असेल?

त्यानंतरची काही वर्षे सर्वस्वी करड्या हवेतच गेली. तिने श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी केली. १८४१ साली तिचा पगार वर्षाला वीस पौंड होता आणि त्यातूनही धुण्याचे पैसे कापले जात. घरातील नोकर तिला आपली मानीत नसत आणि मालक आपली मानीत नसत. १८४२ मध्ये ती एमिलीसह फ्रेंच शिकण्यासाठी ब्रसेल्सला गेली. तेथील शिक्षक कॉन्स्तांतँ एजे यांनी तिच्या लेखनाला शिस्त लावली, आणि त्या विवाहित गृहस्थांवर तिचा जीव जडला. १८४४ मध्ये ती परतली. घरीच शाळा काढावी म्हणून बहिणींनी पत्रके छापली, पण एकही मुलगी आली नाही.

१८४५ च्या शरद ऋतूत एमिलीच्या कवितांची वही शार्लटच्या हाती लागली. एमिली संतापली, पण अखेर तिघींच्या कवितांचे पुस्तक काढण्याचे ठरले. आणि येथे जुना खेळ पुन्हा उपयोगी पडला. बायकांचे लेखन म्हणून कुणी हिणवू नये यासाठी त्यांनी तीन नवी माणसे रचली: करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल. मे १८४६ मध्ये पुस्तक निघाले. वर्षभरात दोन प्रती खपल्या!

शार्लटची पहिली कादंबरी 'द प्रोफेसर' प्रकाशकांमागून प्रकाशकांनी परत केली. तिच्यात अँग्रियातील पर्सी बंधूच नाव बदलून आले होते: गिरणीमालक थोरला भाऊ आणि त्याच्याच कचेरीत कारकुनी करणारा धाकटा. ऑगस्ट १८४६ मध्ये वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ती मँचेस्टरला त्यांच्या उशाशी बसली होती. अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून वडील निजलेले. त्याच दिवसांत तिने 'जेन आयर' लिहावयास घेतली.

आता या नायिकेचे घराणे पाहा. जेनला आई नाही, बाप नाही, पैसा नाही, रूपही नाही. ज्या मामीकडे ती वाढते तेथे ती नकोशी. ज्या शाळेत ती जाते ती म्हणजे कोवन ब्रिजच. तेथे मरणारी हेलन म्हणजे शार्लटची बहीण मारिया. झमोर्नाच्या राण्यांना जे जे दिले होते ते ते शार्लटने जेनकडून काढून घेतले आणि मग तिला रॉचेस्टरसमोर उभे केले. रॉचेस्टरमध्ये झमोर्नाचा अंश आहे, त्याचा दिमाख आणि त्याचे पाप दोन्ही आहेत. परंतु या वेळी समोरची बाई त्याच्यासाठी झुरून मरत नाही. त्याची पहिली बायको जिवंत आहे हे कळताच ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघून जाते. तिला अडवायला कुळाची अब्रू नाही आणि परत बोलवायला माहेर नाही. जे करायचे ते तिला स्वतःच्या मनाला विचारून करावे लागते. खेळात ज्या मुलीने प्रत्येक शिपायाला सरदार केले, तिला आपली खरी माणूस सापडली ती रस्त्यावर वाढल्यासारखी एक पोरकी मुलगी.

कुणी म्हणेल की शेवटी जेनलाही चुलत्याची वीस हजार पौंडांची मिळकत मिळते आणि आते-मामेभावंडेही सापडतात. हे खरे आहे. तो जमान्याचा धाटच होता. परंतु ती मिळकत हाती येताच जेन तिचे चार सारखे वाटे करते आणि पाच हजार स्वतःकडे ठेवून बाकीचे भावंडांना देते. घराणे मिळण्यापूर्वीच तिचा स्वभाव पुरा घडलेला आहे, म्हणून घराण्याने ती बदलत नाही.

एमिलीने तर याहून पुढची मजल मारली. 'वदरिंग हाइट्स'मधील हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला पोर. त्याला आडनावदेखील नाही. घरातील मेलेल्या मुलाचे नाव त्याला दिलेले. त्याच्याभोवती दोन घराण्यांच्या पिढ्या इतक्या काटेकोर उभ्या आहेत की १९२६ साली सी. पी. सँगर या कायदेपंडिताने त्यांची वंशावळ, तारखा आणि वारसाहक्काचे कायदे तपासून सारे चोख जुळते हे दाखवून दिले. त्या चोख कागदपत्रांत मूळ नसलेला एक माणूस शिरतो आणि दोन्ही वाडे गिळून टाकतो. अ‍ॅरन बेटावर तीन पिढ्या वसवणाऱ्या मुलीचाच हा हात.

'जेन आयर' ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि गाजली. डिसेंबरात एमिलीची आणि अ‍ॅनची कादंबरीही आली. तिन्ही बेल एकच आहेत अशी हूल उठल्यावर जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि अ‍ॅन वादळी पावसात चार मैल चालत स्टेशनावर गेल्या, रात्रीच्या गाडीने लंडन गाठले आणि प्रकाशक जॉर्ज स्मिथ यांच्यापुढे उभ्या राहिल्या. करर बेल म्हणजे ही ठेंगणी, साध्या कपड्यांतील खेडवळ बाई, हे स्मिथ यांना पटावे म्हणून तिला त्यांचेच पत्र दाखवावे लागले.

हा आनंद तीन महिनेही टिकला नाही. ब्रॅनवेल खेळातून बाहेर पडलाच नव्हता. वर्तमानपत्रात कविता छापतानाही तो खाली नॉर्थअँगरलँड अशी सही करी. रेल्वेतील नोकरी गेली, शिकवणी गेली, दारू आणि अफू उरली. बहिणींचे जे चित्र त्याने तरुणपणी काढले त्यातून त्याने स्वतःला पुसून तेथे एक खांब रंगवला आहे. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. २४ सप्टेंबर १८४८ रोजी तो गेला. १९ डिसेंबरला एमिली गेली. २८ मे १८४९ रोजी स्कारबरो येथे समुद्राकाठी अ‍ॅन गेली. आठ महिन्यांत तिघेही. आता मेलेल्यांना उठवणारे जिन कुठून आणायचे? शार्लटने अर्धवट राहिलेली 'शर्ली' पुरी केली, आणि १८५३ मध्ये 'व्हिलेट' प्रसिद्ध केली.

१८५२ च्या डिसेंबरात वडिलांचे मदतनीस आर्थर बेल निकोल्स यांनी तिला मागणी घातली. पॅट्रिक भडकले. शंभर पौंड पगाराचा एक फाटका आयरिश मदतनीस आपल्या नामांकित मुलीला मागतो म्हणजे काय? ब्रंटीचा ब्राँटे झालेल्या माणसाने दुसऱ्या आयरिश माणसाची ऐपत काढावी, हे वाचून मी सुन्न झाले. वर चढलेल्याला मागची शिडी दिसेनाशी होते की ती दिसते म्हणूनच तो घाबरतो? शार्लटने हळूहळू वडिलांचे मन वळवले आणि २९ जून १८५४ रोजी विवाह केला. मधुचंद्रासाठी आयर्लंडला गेल्यावर नवऱ्याचे नातेवाईक चांगल्या मोठ्या घरात राहणारे, सुशिक्षित निघाले, आणि तिलाही त्याचा आनंद झाला. जेन आयरच्या लेखिकेलादेखील घराणे पाहून बरे वाटावे, हे मला तिच्या थोरवीइतकेच आवडते. त्यामुळे ती आपल्यातली वाटते.

संसार नऊ महिन्यांचा ठरला. ३१ मार्च १८५५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, शार्लट वारली. पॅट्रिक १८६१ पर्यंत जगले. सहाही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. त्यांनीच विनंती करून एलिझाबेथ गास्केल यांच्याकडून मुलीचे चरित्र लिहवून घेतले. ते १८५७ मध्ये निघाले. हॉवर्थच्या त्या घरात १९२८ पासून संग्रहालय आहे. काडीपेटीएवढ्या त्या मासिकांपैकी एक अंक २०१९ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंच्या बोलीने ब्राँटे सोसायटीने संग्रहालयासाठी घेतला. साखरेच्या पुड्याच्या कागदाला आलेली ही किंमत लाकडी शिपायांना कळली असती तर त्यांनी तोफा उडवल्या असत्या.

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांची वंशावळ कुणी लिहून ठेवलेली नाही. माझ्या पणजोबांचे नाव माझ्या आजीलाही निश्चित सांगता येत नाही. आपण खेळात सरदाराचे घर मागतो यात गैर काही नाही. शार्लटनेही तेरा वर्षे तेच मागितले, आणि त्या वाड्यांतून हिंडल्यामुळेच कोणत्या माणसाला काय लागते हे तिला समजले. मात्र जिच्यामुळे ती उरली ती जेन रिकाम्या हातांची होती. पात्र रचण्याच्या कागदावर घराण्याचा रकाना असावाच, तो भरताना हात थांबला तरी चालेल. पुढची पाने त्या रकान्यात मावत नाहीत.